नको म्हणायची जागा

‘सहभाग नको’ या दोन शब्दांची पडद्यावरची उंची बरोबर तीन मिलिमीटर होती. नियमात तेवढीच सांगितली होती, त्यामुळे उंचीवर बोट ठेवता येत नव्हतं. रंग मात्र सायीवर हळदीचं बोट पुसावं तसा होता. पानाचा पिवळा आणि अक्षरांचा पिवळा यांच्यात जेमतेम फरक. सुनीती हुपरीकरने दोन्ही रंगांच्या उजेडाचं गुणोत्तर काढलं. सहज वाचता यायचं तर ते निदान साडेचार हवं. इथे ते दीड होतं. शब्दांभोवती झेंडूची माळ सावकाश हलत होती.

तिने फोन टेबलावर उलटा ठेवला.

“मॅडम, मोजून झालं असेल तर बोलू या?” समोर बसलेले विश्वजित रणनवरे हसून म्हणाले. पंचधारा रुग्णालय समूहाचे ते संचालक. कोल्हापूर, सांगली आणि पार बेळगावपर्यंत त्यांची रुग्णालयं होती, आणि त्या सगळ्यांच्या वेबसाइटचं काम राजारामपुरीतल्या ‘रेषा’ या लहानशा कंपनीकडे होतं. कंपनी सुनीतीची आणि हर्षद मगदूमची. पडद्यावर काय कुठे असावं ते सुनीती ठरवायची. गिऱ्हाइकांना हर्षद सांभाळायचा.

“बोला ना साहेब,” हर्षद म्हणाला.

“आबासाहेबांचा फोटो लहान वाटतोय.”

“अर्धा पडदा दिलाय साहेब.”

“तेच म्हणतोय. अर्धाच आहे. आणि पान जरा सरकवलं की फोटो वर निघून जातो. वडील आहेत माझे, असे कसे निघून जातील? पेशंट खाली गेला की त्यांनी पण खाली आलं पाहिजे.”

“येतील.”

“आणि ते सनई बंद करायचं बटण काढा. सनई कोण बंद करतं हो?”

“ज्याच्या घरात कुणी आजारी आहे तो,” सुनीती म्हणाली.

हर्षदने टेबलाखालून तिच्या चपलेला बूट लावला. ही त्यांची जुनी खूण होती: तू गप्प बस, मी बघतो. हर्षदकडे गिऱ्हाइकांची वर्गवारीच होती. ‘मेहुणेवाले’ म्हणजे ज्यांच्या मेहुण्याला डिझाइनमधलं सगळं कळतं. ‘भारीवाले’ म्हणजे ज्यांना नक्की काय हवं ते सांगता येत नाही, पण भारी हवं असतं. प्रत्येकावर त्याचा वेगळा इलाज असे. एखादी ढळढळीत चूक मुद्दाम करून ठेवायची, म्हणजे गिऱ्हाईक तेवढी काढायला लावतं आणि बाकीचं शाबूत राहतं. सुनीतीला असल्या युक्त्यांची चीड होती, पण त्यांच्याच जोरावर तिची निम्मी पानं वाचली होती हेही तिला ठाऊक होतं. रणनवरेंवर मात्र एकही युक्ती चालली नव्हती. हर्षदने मुद्दाम ठेवलेल्या चुका त्यांना नेमक्या आवडायच्या.

“आता शेवटचं,” रणनवरे म्हणाले. “ही ‘सहभाग नको’ची अक्षरं. आमच्या वास्तुपंडितांनी पान बघितलं. ते म्हणाले, ‘नको’ हा अशुभ शब्द. तो योग्य दिशेला नसेल तर सबंध पानावर त्याची छाया पडते.”

“वेबसाइटला दिशा नसते,” सुनीती म्हणाली. “फोन माणूस कसाही धरतो.”

“म्हणूनच तर! प्रत्येकाची दिशा वेगळी. पंडितजींनी त्यासाठी सॉफ्टवेअर केलंय. पेशंटची जन्मतारीख घेतं, रास काढतं, आणि त्याच्यासाठी शुभ जागा कोणती ते सांगतं. ते सांगेल तिथे तुम्ही फक्त ती दोन अक्षरं न्यायची. बाकी पान सगळं तुमचं.”

“करू की,” हर्षद म्हणाला.

सुनीतीने मान वर केली नाही. तिचे वडील विज्ञानाचे शिक्षक होते. ग्रहणाच्या दिवशी चेंडू आणि कंदील घेऊन ते गावोगाव जायचे, आणि गरोदर बायकांना अंगणात बोलावून स्वतःच्या हाताने चहा पाजायचे. त्यांच्या मुलीने आता माणसाच्या राशीप्रमाणे बटण हलवायचं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या आठवड्यात तिने वास्तू आणि पडदा या विषयावर पाच पानी मुद्देसूद टिपण लिहिलं आणि रणनवरेंना पाठवलं. उत्तरात त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मग काम केलं. हर्षद म्हणाला होता, “बाई, पंडिताशी वाद घालायला आपण कीर्तनकार आहोत का? एक बटणच हलवायचंय ना!”

*

या कामाचा राग तिला जास्त यायचं आणखी एक कारण होतं. कुठलं पान वाईट आणि किती वाईट, हे आता मताचं राहिलं नव्हतं. ते मोजता येत होतं, आणि मोजणारी यंत्रणा सुनीतीनेच केली होती.

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहावं. एका वेळी माणसाला अगदी स्पष्ट दिसतं ते जवळपास तेवढंच. बाकी सगळं धूसर असतं. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो, दर उडीला नखाएवढा तुकडा उचलतो, आणि उडी चालू असताना त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. हे तुकडे मेंदू जोडतो, मधल्या भोकांना ठिगळं लावतो आणि आपल्याला सांगतो, बघ, तू सगळं पाहिलंस. म्हणून माणूस शपथेवर सांगतो की मी पान पूर्ण वाचलं. त्याने वीस-पंचवीस नखं वाचलेली असतात.

डोळा पुढची उडी कुठे मारणार हे बऱ्याच अंशी आधी सांगता येतं, कारण प्रत्येकाला आयुष्यभराची खोड लागलेली असते. सुनीतीने कित्येक वर्षं माणसं जमवली. विद्यार्थी, वाणी, निवृत्त तलाठी, भाजीवाल्या. त्यांना फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसवून त्यांच्या नजरेच्या उड्या टिपल्या आणि प्रत्येकाचा एकेक कृत्रिम प्रेक्षक तयार केला. या सगळ्या प्रेक्षकांची मिळून यंत्रणा झाली ‘सहस्राक्ष’. तिच्यासमोर कुठलंही पान ठेवलं की जिथे नजरा पडतात तो भाग उजळायचा आणि जिथे पडत नाहीत तो काळा राहायचा. त्या काळ्या भागाला सुनीती ‘सावली’ म्हणायची. आपल्याला सावली आहे हे कुणालाच माहीत नसतं, कारण तिथे काही दिसलं नाही, हेही दिसत नाही.

पहिली प्रेक्षक होती तिची आत्या, शकुंतला हुपरीकर. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. तिची नजर प्रत्येक पानावर आधी वरच्या ओळीतल्या चकाकणाऱ्या गोष्टींवर जायची आणि तिथून डावीकडून उजवीकडे झरझर सरकायची; जुन्या बोर्डावरचे दिवे तिने तसेच पाहिले होते. उजवीकडचा खालचा कोपरा तिच्यासाठी जगात नव्हता.

नजर मोजू द्यायला आलेल्या प्रत्येकाला सुनीतीने एक शब्द दिला होता. हे काम पुरं झालं की सहस्राक्ष सगळ्यांसाठी मोकळा होईल. कुणालाही, कुठल्याही पानावर, आपली सावली पाहता येईल. काम पुरं होऊन दोन वर्षं झाली होती. यंत्रणा सुनीतीच्याच नावावर होती, तरी प्रत्येक वेळी हर्षद म्हणायचा, “मोकळं करू या गं, एवढं एक काम होऊ दे. सहस्राक्ष आपल्याकडेच आहे म्हणून तर लोक आपल्याकडे येतात.” आणि ती म्हणायची, बरं. शकूआत्या अधूनमधून विचारायची, “काय गं, माझे डोळे अजून तुझ्या दुकानातच का?”

रणनवरेंनाही तिनेच सहस्राक्ष दाखवला होता. वाद नको, डोळ्यांनी बघू दे, असं म्हणून. त्यांचं सनईवालं पान तिने पडद्यावर लावलं. आबासाहेबांचा फोटो लखलखला, तातडीच्या सेवेचा नंबर काळ्यात बुडाला. रणनवरे खुर्ची ओढून जवळ आले.

“हे काळं आहे तिथे कुणीच बघत नाही?”

“जवळपास कुणीच नाही.”

“आणि प्रत्येकाचं काळं वेगळं?”

“थोडंफार सारखं, थोडं ज्याचं त्याचं.”

“कमाल आहे,” ते म्हणाले. तातडीचा नंबर त्यांनी त्याच दिवशी वर घ्यायला लावला. सुनीतीला वाटलं होतं, एकदाचं विज्ञान जिंकलं. घरी तपासून बघायला म्हणून हर्षदने त्यांना सहस्राक्षची एक प्रत वापरायला दिली.

पंडितजी त्यानंतर उगवले.

*

रविवारी सकाळी शकूआत्या गॅलरीत पावटा सोलत बसली होती. सुनीतीने चहाचा कप पुढे केला तेव्हा आत्याची बाही मागे सरकली. कोपराखाली जांभळा डाग होता, रुपयाएवढा. त्याच्या वर दुसरा. दंडावर आणखी दोन.

“हे काय?”

“काही नाही गं. हल्ली कशाला टेकलं तरी उमटतं. डॉक्टर म्हणाला, वय झालं.”

“कुठला डॉक्टर?”

“पंचधारातला. गुडघ्याच्या गोळ्या देतो तो. गुडघा झक्कास आहे हो! परवा जिना चढले.”

सुनीतीने गोळ्यांची पट्टी मागितली. पट्टीवर औषधाचं नाव नव्हतं, कंपनी नव्हती. नुसते तीन आकडे आणि एक अक्षर. ती पट्टी उजेडात धरून उलटसुलट पाहत राहिली. बाजारातलं औषध असं नसतं. असं असतं ते अजून बाजारात न आलेलं औषध.

“आत्या, हे चाचणीचं औषध आहे. तू कुठे होकार दिलास?”

“मी कशाला देऊ? मला कुणी विचारलंच नाही.”

पंचधाराचा पेशंट झाला की तो ‘संशोधन कुटुंबा’त आपोआप येई. ज्याला नको त्याने नको म्हणावं, आणि ते म्हणायची सोय पहिल्याच पानावर असावी, असा नियम होता. हे सुनीतीला पाठ होतं. तिचा समज होता की संशोधन म्हणजे तपासण्यांचे आकडे गोळा करणं. तिने तसं विचारलं मात्र कधीच नव्हतं. ती सनईशी, फोटोशी आणि पंडिताशी भांडत बसली होती.

तेवढ्यात शेजारच्या हौसाक्का आल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या, आत्याच्याच वयाच्या. हातातला फोन अंगापासून लांब धरलेला, आणि त्यातून सनई.

“शकू, बंद कर बाई हे. मघापासनं माझ्या फोनात लगीन लागलंय.”

“जेवूनच जा मग,” आत्या म्हणाली. “नाडी बघितलीस का?”

“तीच बघत होते. कॅमेऱ्यात तोंड बघा म्हणतंय, बघितलं. मग हे आबासाहेब मागं लागले. जाईल तिथं येतात मेले.”

रोज सकाळी फोनच्या कॅमेऱ्यात पाहायचं, चेहऱ्याच्या रंगातल्या बारीक बदलांवरून नाडी मोजली जायची. पंचधाराची ही सोय लोकांना आवडली होती. सुनीतीने आत्याचा फोन घेतला आणि पान उघडलं. ‘सहभाग नको’ शोधायला तिलाही क्षणभर लागला. ते उजवीकडे, अगदी खालच्या कोपऱ्यात होतं.

“हे बघ आत्या. इथे नको म्हणायचं.”

“कुठं?”

“इथे. माझ्या बोटाखाली.”

“बोटाखाली झेंडू आहे.”

“झेंडूच्या मधे.”

आत्याने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. तिची बुबुळं वरून डावीकडून उजवीकडे सरकली, फोटोपाशी थांबली, परत वर गेली. सुनीतीने पेनाचं टोक शब्दांवर टेकवलं आणि दुसऱ्या हाताने बाकीचा पडदा झाकला, तेव्हा आत्या एकदम मागे सरली.

“अगं बाई. हे कधी आलं?”

“पहिल्यापासून आहे.”

“माझ्यात पण आहे का असलं?” हौसाक्का म्हणाल्या.

सुनीतीने त्यांचा फोन शेजारी ठेवला. खालचा कोपरा रिकामा होता. तिथे नुसती वेल होती. हौसाक्कांच्या पानावर ती दोन अक्षरं बरोबर मध्यभागी होती, आबासाहेबांच्या फेट्याखाली. तिथेही हौसाक्कांना दिसत नव्हती. त्यांची नजर काठाकाठाने फिरत होती. पदराचा काठ, बाहीचा काठ, शिवण.

वेगळी रास असणार, सुनीतीच्या मनात आलं. तिने अगदी सहज विचारलं, “हौसाक्का, तुमची जन्मतारीख काय?”

“कुणाला ठाऊक? शाळेत एक जून लावलीय.”

आत्या खो-खो हसली. “माझी पण तीच. आमच्या गुरुजींनी अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्माला घातला. आईला बिचारीला पत्ताच नाही!”

“आमच्यात बी तेच,” हौसाक्का म्हणाल्या. “वर्ष तरी कुठं खरं आहे? तुझं कुठलं लिवलंय गं?”

आत्याने सांगितलं. वर्षही तेच निघालं.

दोघी हसत होत्या. सुनीती हसली नाही. दोघींच्या आधार कार्डावर एक जून, आणि वर्षही एकच. पंचधाराच्या पानाने जन्मवेळ कधीच विचारली नव्हती, नुसती तारीख घेतली होती. कागदावर या दोघी एका दिवशी जन्मल्या होत्या. जगातल्या कुठल्याही पंडिताने त्यांना एकच रास दिली असती आणि अक्षरं एकाच जागी ठेवली असती.

रास मोजलीच जात नव्हती. कॅमेरा नाडी बघत होता आणि नाडी बघता बघता डोळे, आणि त्यावरून प्रत्येकाची सावली काढत होती रणनवरेंकडे दिलेली सहस्राक्षची प्रत.

तिला प्रथम आठवलं ते स्वतःचं पाच पानी टिपण. त्यातले नीट आकडे टाकलेले मुद्दे. समोरच्या माणसाने अंधश्रद्धेचा फेटा बांधला आणि ती फेट्याशी भांडत बसली. तो वेडगळ गिऱ्हाईक आहे म्हणून ती त्याला सांभाळत होती. सांभाळलं जात होतं ते तिला. तिला भडकवायला नेमकं काय पुरेल हे त्याने ओळखलं होतं. तिचीही एक सावली होती आणि त्याने ती शोधली होती.

“सुनी, काय झालं? तोंड असं का केलंस?”

“आत्या, हे दाबू का मी? ‘नको’ म्हणून?”

“तू कशाला? माझं मी दाबते.” आत्याने पेनाच्या टोकाशी बोट नेलं आणि जोरात दाबलं, डोअरबेल दाबावी तसं. मग दुसऱ्या फोनवर हौसाक्कांचं. पान कळवळून म्हणालं की आपला निर्णय आम्हाला समजला. आत्या दंडावरचे डाग बघत होती.

“आम्ही दोघी सुटलो,” ती म्हणाली. “बाकीच्यांच्या शेजारी बसून बोट कोण दाखवणार?”

*

खात्री करायला सुनीतीला फार वेळ लागला नाही. सहस्राक्षमध्ये तिने आत्याचा प्रेक्षक लावला आणि आत्याच्या फोनवरचं पान त्याच्यासमोर ठेवलं. पान उजळत गेलं. काळ्या कोपऱ्याच्या मधोमध ‘सहभाग नको’ बसलं होतं, इतकं अचूक की आणखी चांगली जागा तिलाही काढता आली नसती. सावली शोधायची म्हणजे तिथे काही महत्त्वाचं राहू नये, एवढ्यासाठीच तिने हे केलं होतं.

सोमवारी हर्षद आला तेव्हा तिने पडदा त्याच्याकडे फिरवला. मग एक जूनची गोष्ट सांगितली. पट्टी दाखवली. हर्षदने उभ्या उभ्याच पट्टी उलटसुलट करून पाहिली.

“तुला माहीत होतं?”

“नाही.”

“हर्षद.”

“माहीत नव्हतं, सुनीती! वाटलं होतं एकदा. पंडितजींचा फोन नंबर मागितला तर रणनवरे म्हणाले, ते फोन वापरत नाहीत. फोन न वापरणारा माणूस सॉफ्टवेअर करतो! मी... विचारलं नाही पुढे.”

“का नाही विचारलं?”

“कारण विचारलं असतं तर कळलं असतं.” तो खाली बसला. “चौदा माणसं आहेत आपल्याकडे. तुला माणसं आवडत नाहीत, तू पडद्याशी बोलतेस. दर महिन्याला त्यांच्या तोंडाकडे मला बघावं लागतं.”

“माझ्या आत्याच्या हाताकडे बघ मग एकदा.”

हर्षदने हातातली पट्टी टेबलावर ठेवली. ती पुढे बोलली, आणि आवाज चढला नाही म्हणूनच त्याला ते जास्त लागलं. “तू त्यांना सांभाळतोस म्हणतोस. सनई वाजवू द्यायची, फोटो मोठा करायचा, आपलं ऐकतात असं दाखवायचं. एकेक पाऊल मागे घेत आपण कुठे येऊन उभे राहिलो ते दिसतंय तुला? ते वाईट डिझाइन मागत नव्हते, हर्षद. त्यांच्या कामाचं उत्तम डिझाइन मागत होते, आणि आपण ते करून दिलं.”

“तू पण केलंस.”

“हो. मी पण.”

हर्षदने तोंडावरून हात फिरवला. “बुधवारी त्यांनी बोलावलंय. सहस्राक्ष कायमचा विकत हवाय त्यांना. फक्त त्यांच्यासाठी. बाकी कुणाला, आपल्याला सुद्धा, वापरता येणार नाही.”

“म्हणजे सावली कुठे आहे ते एकट्या त्यांना दिसेल.”

“भेट तरी. तिथे काही बोलू नकोस. आपण नंतर ठरवू.”

*

रणनवरेंच्या खोलीत आबासाहेबांचा खराखुरा फोटो होता, चंदनाच्या हारासकट. रणनवरेंनी स्वतः उठून खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. सुनीतीने पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली.

“ही माझ्या आत्याची.”

त्यांनी पट्टी उचलली नाही. “कशा आहेत त्या?”

“अंगावर डाग उठतायत. तिला कुणी विचारलं नव्हतं.”

“मॅडम, विचारलं होतं. रोज विचारतो. पहिल्याच पानावर.” त्यांचा स्वर गोड होता. “नियम काय म्हणतो? सोय पहिल्या पानावर हवी, आहे. अक्षरं तीन मिलिमीटर हवीत, आहेत. तुम्हीच मोजलीत.”

“आणि पंडितजी?”

ते मोकळेपणाने हसले. “तुम्हाला राशीचा राग येतो हे मला पहिल्या दिवशी कळलं. बरं, त्याने काम झालं ना? हे शास्त्र आहे ताई, आणि ते तुमचंच आहे. गुडघ्याचं औषध निघालं तर लाखो म्हातारी माणसं चालतील. प्रत्येकाला समजावत बसलो तर निम्मे घाबरूनच नको म्हणतील.”

“म्हणू देत. तेवढंच तर त्यांच्या हातात आहे.”

“सुनीती,” हर्षद हळूच म्हणाला. टेबलाखाली त्याचा बूट तिच्या चपलेला लागला.

तिने पाय बाजूला घेतला. “साहेब, तुम्ही रोज नाडी बघता ना पंचधारावर? मागे सांगितलं होतंत. पान उघडा.”

“कशाला?”

“उघडा तर.”

त्यांनी खिशातून फोन काढला. खोलीत सनई वाजू लागली. भिंतीवरचे आबासाहेब आणि हातातले आबासाहेब एकाच वेळी त्यांच्याकडे बघत होते.

“आता ‘नको’ म्हणा,” सुनीती म्हणाली.

रणनवरे हसले आणि अंगठा पुढे नेला. अंगठा पडद्यावर अधांतरी राहिला. त्यांनी पान खाली सरकवलं. फोटो मागोमाग आला. वर घेतलं, तोही वर आला. त्यांनी फोन जवळ धरला, लांब धरला, टेबलावरचा चष्मा घातला. सनई बंद करायला बटण शोधलं, ते त्यांनीच काढायला लावलं होतं. चहा घेऊन आलेली बाई दारातच थांबली.

“आहे इथेच कुठेतरी,” ते म्हणाले.

सुनीतीला ती अक्षरं स्पष्ट दिसत होती. टेबलाच्या पलीकडून, उलटी सुद्धा. तिने बोट दाखवलं नाही.

“इथेच होतं.” त्यांच्या कपाळावर शीर उमटली. क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांचा चेहरा गॅलरीतल्या आत्यासारखा झाला. मग त्यांनी फोन पालथा टाकला आणि हाताखाली दाबून धरला. सनई हाताखालून गुदमरत वाजत राहिली. “खेळ पुरे झाला. मगदूम, तुमच्या पार्टनरना समजवा. सहस्राक्ष मला द्यायचा आहे की नाही, तेवढं सांगा. नसेल द्यायचा तर पंचधाराचं कामही आजपासून बंद.”

“साहेब, जरा वेळ द्या आम्हाला,” हर्षद म्हणाला. “सुनीती, चल, बाहेर जाऊ. आपण नंतर बोलू यावर. नंतर ठरवू.”

दोन वर्षं तो हेच म्हणत होता, आणि दोन वर्षं ती ‘बरं’ म्हणत होती. नजर मोजू द्यायला आलेली माणसं तिला आठवली, कॅमेऱ्यासमोर ताठ बसलेली, फोटो काढायला आल्यासारखी केस विंचरून आलेली. ती उभी राहिली. तिचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता, पण दारातल्या बाईलाही प्रत्येक शब्द ऐकू गेला.

“नंतर नाही, हर्षद. सहस्राक्ष मी कुणालाही विकणार नाही. तो आजपासून सगळ्यांना मोकळा.”